पुस्तकात नसलेली बाई

माणसाला वेड्यात काढायला एरवी दोन शेजारी पुरतात. मला दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी साऱ्या जगाने मिळून वेड्यात काढलं, आणि तेही चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत.

झालं असं की आदल्या संध्याकाळी मी एका ऑनलाइन ग्रुपवर इंग्रजीत लांबलचक लेख लिहून टाकला होता. ग्रुप एका इंग्रजी कादंबरीमालिकेच्या चाहत्यांचा. सहा जाडजूड भाग, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेले. हाकलून दिलेला राजपुत्र, त्याची जादू शिकणारी बहीण आणि माणसांच्या सावल्या काढून घेणारा राजा. मी आता बत्तीस वर्षांची आहे, विम्याच्या कचेरीत टेबल सांभाळते, पण त्या सावल्यांच्या राज्यातल्या घाटवाटा मला आमच्या शहरातल्या गल्ल्यांपेक्षा जास्त पाठ आहेत. ग्रुपमध्ये मी आठवड्यापूर्वीच शिरले होते. तिथे कोणीतरी विचारलं की या मालिकेतलं सगळ्यात खरं वाटणारं पात्र कोणतं. कोणी राजपुत्र म्हणत होतं, कोणी बहीण. मला राहवलं नाही. मी मेंढरांच्या बाईवर लिहिलं.

मेंढरांची बाई म्हणजे दुसऱ्या भागात राजपुत्राला आपल्या कळपात लपवणारी मेंढपाळीण. तिच्या लोकांचा एक कायदा असतो. सुगी झाली की शेतकरी त्यांना बोलावतो आणि मोकळ्या शेतात रात्रभर मेंढरं बसवून घेतो, कारण त्यांच्या लेंड्यांचं खत मिळतं. बदल्यात तो धान्य देतो. पण मुक्कामावर माणसं कोण आणि किती, हे त्याने विचारायचं नाही. या न विचारण्याच्या आडोशाला राजपुत्र तीन महिने राहतो. राजाचे शिपाई येतात तेव्हा बाई त्याच्या हातात एक आजारी कोकरू देते आणि म्हणते, हा मुका आहे, याला विचारू नका. मी लिहिलं होतं की एकही मंत्र न वापरता माणूस लपवायची इतकी सुंदर युक्ती दुसऱ्या कुठल्या लेखकाला सुचलेली नाही.

सकाळी पाहते तर खाली उत्तरांची रांग. कुठली बाई? कोणत्या भागात? एकाने नुसतेच हसणारे चेहरे टाकले होते. एका सभ्य बाईने समजुतीच्या सुरात सुचवलं होतं की तुमची दुसऱ्या मालिकेशी गल्लत होते आहे. आणखी एकाने तर लिहिलं होतं की ही तुमची स्वतःची गोष्ट दिसते, छान आहे, पण ती वेगळ्या विभागात टाका.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल. मी त्या सगळ्यांना सुनावलं की पुस्तकं चाळून मोठाले वाद घालायला येता, दुसऱ्या भागाचा मधला हिस्सा आधी नीट वाचा. दोन मिनिटांत एकाने शांतपणे विचारलं, पान नंबर सांगाल का?

सांगते ना, म्हणून मी कपाट उघडलं.

आता आमची वाचायची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही. कॉलेजात आम्ही तिघं होतो. मी, गंगापूरहून येऊन वसतिगृहात राहणारी माझी मैत्रीण, आणि आर्किटेक्चर शिकणारा एक मित्र, ज्याला आम्ही नकाशेवाला म्हणायचो. तिघंही मराठी शाळेतली. इंग्रजी यथातथाच. साडेचारशे पानांचं एक पुस्तक एकट्याने संपवायचं तर वर्ष गेलं असतं. म्हणून नवा भाग हाती आला की आम्ही तो शहागंजातल्या एका बाइंडरकडे न्यायचो. तो आमच्याकडे कीव केल्यासारखं बघायचा आणि कोऱ्या पुस्तकाचे ब्लेडने तीन तुकडे करून प्रत्येकाला पुठ्ठा लावून द्यायचा. पहिला हिस्सा माझा, कारण मला धीर नाही. मधला मैत्रिणीचा. शेवटचा नकाशेवाल्याचा. पंधरा दिवस आपापला वाटा वाचायचा आणि मग रविवारी तो बाकीच्यांना मराठीत सांगायचा. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही, हा एकच नियम होता आणि तो माझाच होता.

औरंगपुऱ्यात नकाशेवाल्याच्या काकांचं स्टेशनरीचं दुकान होतं. त्याच्या माडीवर वह्यांचे गठ्ठे असायचे, त्यांवर बसून आमची ही कथा चालायची. एक भाग दोन-तीन रविवार पुरायचा. सगळा सांगून झाला की बाइंडर तिन्ही तुकडे परत एकत्र शिवून द्यायचा आणि पुस्तक माझ्या कपाटात जायचं. मग ते कोणी उघडत नसे. चावून झालेला घास पुन्हा कोण चावणार?

तर त्या सकाळी मी दुसरा भाग काढला, मधला हिस्सा उघडला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. आता माझं इंग्रजी बरं आहे. दीडशे पानांत मला मेंढपाळ एकदाच भेटले. एका वाक्यात. त्याचा अर्थ असा की, ते मेंढपाळांबरोबर घाट उतरून गेले आणि नवव्या दिवशी त्यांना समुद्र दिसला. बस्स. बाई नाही, कोकरू नाही, शिपाई नाहीत, न विचारण्याचा कायदा नाही. मग मी तिसरा भाग काढला, चौथा काढला, पाचवा काढला. त्यांत तर मेंढपाळ हा शब्दसुद्धा नव्हता. मी फरशीवर बसले. घरात चोरी झाल्यावर कुलूप मात्र जागच्या जागी दिसावं, तसं ते होतं.

मी नकाशेवाल्याला फोन लावला. तो आता पुण्यात इमारतींचे आराखडे काढतो. मी एका दमात सगळं सांगितलं. माझ्यासारखा उसळेल, विश्वास बसत नाही म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती. तो शांतपणे म्हणाला, "मला माहीत होतं. दुसऱ्या भागापासून."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्याने सांगितलं की त्याचा वाटा मैत्रिणीच्या लगेच पुढचा, तेव्हा सांधा जुळेना म्हणून त्याने एकदा माझ्या नियमाची पर्वा न करता तिचा हिस्सा चोरून वाचला होता. मी विचारलं की मग तुझ्या वाट्यात मेंढरांची बाई यायची ती कुठून? तो म्हणाला की मी घालायचो. तिने जिथे सोडली असेल तिथून उचलायचो आणि जपून परत तिच्या हातात द्यायचो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तिला काय काय बोलली असतीस, ते माहीत होतं म्हणून."

मी फोन ठेवून दिला. एका सकाळी किती धक्के खायचे त्याला काही मर्यादा आहे की नाही? पण खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं खरं करायला मी पाच मिनिटंही घेतली नाहीत. मी मैत्रिणीला मेसेज लिहिला. तिच्याशी माझं नऊ-दहा वर्षं बोलणं नव्हतं, त्याला कारण होतं आणि ते मी पुढे सांगते. लिहिलं की सलग चार वर्षं तू आम्हाला मूर्ख बनवलंस, तुझ्यामुळे आज जग मला हसतं आहे, आणि ती बाई म्हणजे तुझी थाप होती हे मी तुझ्या नावानिशी त्या ग्रुपवर जाहीर करणार आहे. दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी एक ओळ आली. लिहायच्या आधी एकदा गंगापूरला ये.

पुढच्या रविवारपर्यंतचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. कचेरीत फायलींवर सही करता करता मला माडीवरचे रविवार आठवायचे, आणि जे आठवायचं त्यातलं पुस्तकातलं किती आणि तिचं किती, हे कळेनासं झालं होतं. आपल्याच आठवणींवर संशय घ्यायची वेळ कोणावर येऊ नये.

ती गोष्ट सांगायची मान खाली घालून, ओढणीचा एक धागा बोटाला गुंडाळत. पहिल्या भागात तिने आपला दीडशे पानांचा वाटा दहा मिनिटांत गुंडाळला होता आणि मी तिला त्याबद्दल टोमणे मारले होते. दुसऱ्या भागात मेंढरं आली आणि तिचा आवाजच बदलला. चालून दमलेली कोकरं घोड्याच्या पाठीवरच्या गोणीत घालतात आणि त्यांची नुसती मुंडकी बाहेर ठेवतात. कुत्र्याच्या पिलाला मेंढीच्या दुधावर वाढवतात, म्हणजे ते जन्मभर कळप सोडत नाही. संध्याकाळी मेंढरांभोवती जाळी ताणायची तर वारा कुठून येतो ते आधी बघतात. आम्ही गठ्ठ्यांवर बसून तोंडाचा आ वासून ऐकायचो. नकाशेवाल्याने भिंतीएवढा नकाशा काढला होता, त्यावर बाईचा रस्ता लाल पेन्सिलीने दाखवलेला. एकदा मी हरकत घेतली की पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या नकाशात हा घाट दिसत नाही. तेव्हा ती म्हणाली होती, "नकाशा काढणारे पायी कुठं चालतेत?" हे वाक्य मी लेखकाचं म्हणून वहीत उतरवून घेतलं होतं. ती वही अजून आहे.

आणि नकाशेवाल्याने जेव्हा विचारलं की कुठला शेतकरी लेंड्यांच्या बदल्यात धान्य देईल, तेव्हा मीच त्याला झापलं होतं. म्हटलं, ही लेखकाची कल्पनाशक्ती आहे, ती तुला कळायची नाही.

रविवारी सकाळी मी गंगापूरची एसटी पकडली. वाळूज मागे पडलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या, दोन्ही बाजूंना ऊस आणि वेचणी होत आलेली कपाशी. मनात मी भांडणाची उजळणी करत होते. पहिलं वाक्य काय टाकायचं तेही ठरलं होतं. तेवढ्यात ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि सगळे पुढच्या बाकावर आदळले.

रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, एका हातात काठी, दुसरा हात वर केलेला, पंजा एसटीकडे. चेहऱ्यावर भीती नाही की विनंती नाही. तिच्या मागून मेंढरं रस्ता ओलांडत होती, एकमेकांच्या पाठीवर तोंडं टेकवून. सगळ्यात मागे एक घोडा होता. त्याच्या पाठीवर गोणी, आणि गोणीतून कोकरांची मुंडकी बाहेर आलेली.

शेजारची म्हातारी विचारत होती की लागलं का काय, आणि माझी नजर त्या गोणीवरून हटत नव्हती. कारण आमची स्वतःची जमीन गंगापूरच्याच अंगाला आहे. दरवर्षी ज्वारी निघाली की आमच्या वावरात मेंढरं बसायची. माझे वडील स्वतः जाऊन मेंढपाळांना बोलावून आणायचे. आई त्यांच्यासाठी ज्वारी काढून ठेवायची आणि ती नेऊन द्यायला मला सांगायची. मी नाकाला रुमाल लावून जायची, पोतं टाकून पळत परत यायची. ते लोक कोण, कुठले, हे आमच्या घरात कधीच कोणी विचारलं नाही. तो कायदा मी पाळत होते. आणि तीच गोष्ट औरंगपुऱ्यात इंग्रजी पुस्तकातली म्हणून ऐकली तेव्हा मी परदेशातल्या लेखकाच्या कल्पनाशक्तीला दाद दिली! मला माझी इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. मैत्रिणीचे घरचे काय करतात, हेही मी चार वर्षांत विचारलं नव्हतं. गंगापूरची, एवढं मला पुरलं होतं.

तिचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. ती आता पाचवी-सहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवते. दारातच तिने माझ्याकडे नीट पाहिलं, म्हणाली लई वाळलीस, आणि चहा टाकायला आत गेली. मी ठरवून आणलेलं पहिलं वाक्य विसरले होते. चहा झाल्यावर तिनेच सुरुवात केली.

पहिल्या भागाच्या वेळी तिने डिक्शनरी घेऊन पंधरा दिवसांत नऊ पानं वाचली होती. ती नऊ पानं तिने आम्हाला सांगितली आणि बाकीचं अंदाजाने जोडलं. दुसऱ्या भागाच्या वेळीही तीच गत. आम्ही दोघं भराभरा बोलायचो आणि तिला वाटायचं की आपल्याला वाचता येत नाही हे कळलं तर हे लोक उद्या माडीवर येऊ देणार नाहीत. पानं चाळता चाळता तिला एक शब्द सापडला आणि तो तिला डिक्शनरी न बघता आला.

"म्हणलं, मेंढपाळ व्हय? हे तर मला येतंय. मग जे येत व्हतं तेच सांगत बसले."

"आणि ती बाई?"

"माझी माय," ती म्हणाली.

मी सांगितलं की येताना रस्त्यात मी अगदी तशीच एक बाई पाहिली, हात वर करून एसटी थांबवणारी. हे मी कौतुकाने सांगितलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून सांगितलं. तिचा हात ओढणीकडे गेला. तिने धागा शोधला, बोटाला गुंडाळला, आणि तेव्हा मला तिसरा भाग आठवला.

तिसऱ्या भागात मेंढरांची बाई मेली होती. पहाटे कळप राजरस्ता ओलांडत असतो, तिकडून राजाचे रथ येतात, बाई मेंढरांच्या पुढे होते आणि हात वर करून उभी राहते. सारथ्याला ती दिसत नाही. हे सांगण्याआधी मैत्रीण दोन रविवार आलीच नव्हती. मी वैतागले होते, वाचून झालं नसेल म्हणून तोंड लपवते आहे, असं नकाशेवाल्याला म्हणाले होते. ती आली, बसली आणि तिने हे सांगितलं. आणि मी चवताळले. मी तासभर भांडले. इतकी शहाणी बाई धावत्या रथापुढे हात वर करून उभी राहील का? वेडी आहे का ती? मेंढरं महत्त्वाची की जीव? लेखकाला दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्याने तिला मारलं, हा रडवायचा स्वस्त धंदा आहे. मी हे सगळं बोलले होते. नकाशेवाला मला हळूच खुणा करत होता आणि मला त्याचा आणखी राग येत होता.

मी तिला विचारलं, "तेव्हाच?"

"व्हय. दोन रविवार आले नव्हते बघ, तवाच. मोठ्या रस्त्यावर, पहाटंच. हात वर करून उभी व्हती. गाडीवाल्याला दिसली नाय."

मायला जाऊन पंधरा दिवस झालेल्या पोरीसमोर मी तिच्या मायला वेडी म्हणाले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं. पण माफ कर म्हणणं एखाद्याच्या पायावर पाय पडल्यावर म्हणतात तसं वाटायला लागलं. मी म्हटलं की तू तिथेच माझ्या मुस्काटात का मारली नाहीस?

तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"अगं, का मारू? तू एकटीच तर भांडलीस. घरी कोणीच भांडलं नाय. गाडीवाला निघून गेला. भाऊ बिचारा मेंढरं गोळा करीत बसला. बापानं तिसऱ्या दिवशी मुक्काम हलवला, वावरवाल्याकडं दुसरा कळप बसायला यायचा व्हता. ज्यानं त्यानं म्हणलं, तिचं आयुष्यच तेवढं व्हतं. आन् तू गठ्ठ्यावर हात आपटून म्हणलीस, ही बाई मरायला नको व्हती, मी हे मान्य करणार नाय. मला वाटलं, कोणीतरी म्हणलं बाई एकदाचं."



मग तिने चौथ्या भागाचं सांगितलं. चौथ्या भागात बाई परत आली होती. रथाखाली सापडली ती तिची नुसती सावली होती, खरी बाई मेंढरांच्या घोळक्यात वाहून पलीकडे गेली होती, असं मैत्रिणीने आम्हाला सांगितलं होतं. मी तेव्हा माडीवर विजयी वीरासारख्या उड्या मारल्या होत्या. बघा, लेखकाला माझं म्हणणं पटलं, असं म्हणून नकाशेवाल्याला सगळ्यांसाठी कचोऱ्या आणायला लावल्या होत्या. त्याला तेव्हा काय वाटलं असेल?

"तू म्हणलीस म्हणून आणली माघारी," मैत्रीण म्हणाली. "दोन वर्षं व्हती मग ती. दर रविवारी औरंगपुऱ्यात मला भेटायची. मी आठवडाभर ठरवायचे, या रविवारी ती काय करंल, काय बोलंल. आन् तो बी गुणाचा, त्याच्या वाट्यात तिला उपाशी ठेवायचा नाय."

आता राहिला होता सहावा भाग. आमचं बोलणं तुटलं ते त्यावरूनच. सहाव्या भागाच्या वेळी तिने कधी नव्हे तो हट्ट धरला होता की शेवटचा हिस्सा मला द्या, शेवट मी सांगणार. आम्ही दिला. आणि ती आलीच नाही. तीन रविवार आम्ही दोघं गठ्ठ्यांवर बसून राहिलो. फोन उचलेना. पुढे परीक्षा, नोकऱ्या, नकाशेवाला पुण्याला. मी मनात पक्की गाठ मारली की तिने शेवट सांगितला नाही तर मी तो कुठूनही वाचणार नाही, ज्याचा वाटा त्याने सांगायचा. आजही त्या ऑनलाइन ग्रुपवर शेवटाचा विषय निघाला की मी डोळे मिटून पान पुढे सरकवते. माझा राग असा लांब पल्ल्याचा असतो.

तिने कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो हिस्सा काढून माझ्यापुढे ठेवला. बाइंडरचा पुठ्ठा जसाच्या तसा.

"तवर मला इंग्रजी यायला लागलं व्हतं," ती म्हणाली. "म्हणलं, शेवट हाय, मायला नीट घरी पोचवायचं. पण आधी एकदा खरं काय लिवलंय ते बघावं. म्हणून सगळं वाचलं, एक पान सोडलं नाय. राजपुत्र पोचतो. बहीण पोचती. ज्याची त्याची सावली माघारी भेटती. हिचं कोणी नावसुद्धा घेत नाय. घेतील कशाला, ती त्यांच्यात कधी नव्हतीच. तेवढं कळलं आन् मग माझ्या तोंडातून शब्द निघंना. कशी येणार व्हते मी रविवारी?"

बाहेर गल्लीत पोरं खेळत होती. ती उठली, कप उचलले आणि पाठमोरी होऊन म्हणाली, "आता तुला काय जाहीर करायचं ते कर. खोटं तर बोललेच मी."

मी फोन काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, आधी मी काय लिहिलंय ते वाच. ती ओट्याला टेकून वाचायला लागली. ओळीवर बोट फिरवत, ओठ हलवत, शाळेतल्या बाईंच्या शिस्तीने. तिची माय त्या लेखात पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत होती. जाळी ताणताना वारा बघणारी, राजपुत्राच्या हातात कोकरू देणारी, शिपायांकडे मान वर करून बघणारी. आता ती इंग्रजीत होती आणि तिच्या लेकीला ते वाचता येत होतं. वाचून झाल्यावर तिने पुन्हा वरपासून सुरुवात केली.

"हे बाहेरच्या देशातल्या लोकांनी वाचलं?"

वाचलं, मी म्हटलं, आणि मला वेडी ठरवलं. खाली बघ.

तिने खालची उत्तरं वाचली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मी विचारलं की काढून टाकू का? ती म्हणाली, "राहू दे की. काढतेत वेड्यात तर काढू दे."

मी पुस्तकाचा तो हिस्सा पिशवीसकट तिच्याकडे परत सरकवला. मग मला जे सुचलं ते मी विचारलं. पाचव्या भागाच्या शेवटी बाई कुठे होती?

तिने फोन ओट्यावर ठेवला. "नदीच्या अलीकडं. मेंढरं पाण्यावर आणली व्हती."

"मग पुढचं सांग. तुझा वाटा राहिलाय."

ती खाली चटईवर बसली. मीही बसले. तिने पुस्तक उघडलं नाही. मान खाली घातली, ओढणीचा धागा बोटाला गुंडाळला आणि माडीवरच्या आवाजात सुरू केलं. बाईने नदी ओलांडली. राजपुत्राला त्याच्या वाटेला लावलं, त्याच्या हातातलं कोकरू परत घेतलं. मग कुत्र्याला हाक मारली, घोड्यावरची गोणी नीट केली आणि कळप घेऊन पहाटे राजरस्त्याला आली. रस्त्यापलीकडच्या वावरात मुक्काम ठरलेला होता. तिकडून रथ येताना दिसले. बाई मेंढरांच्या पुढे झाली आणि तिने हात वर केला.

इथे मैत्रीण थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी हरकत घेतली नाही.